शेडची किल्ली

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकतो, उगाच कुणाला कळायला उशीर नको. डिग्री घेतली, पुण्यात दोन नोकऱ्या केल्या, मुंबईत एक, आणि नव्वदीच्या सुरुवातीला सिडनीला आलो तेव्हा पॅरामॅटातली कंपनी माझी चौथी. दर वेळी पगार वाढला, टेबल मोठं झालं. एकाच ठिकाणी जन्म काढणाऱ्यांबद्दल माझं मत पक्कं होतं. आमचे अण्णा साखर कारखान्यात बॉयलरवर लागले आणि बॉयलरवरूनच निवृत्त झाले. घाण्याचा बैल निदान फिरतो तरी, असं मी म्हणायचो. अर्थात अण्णांच्या माघारी.

ऑफिसात माझ्या शेजारी एक ड्राफ्ट्समन बसायचा, जन्मापासून ब्लॅकटाउन या सिडनीच्या उपनगरातला. हिवाळ्यात दर शनिवारी तो बेसबॉल खेळायचा. कॅचर होता, म्हणजे बॅट्समनच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा. आपला विकेटकीपरच, फक्त तोंडाला जाळी लावलेला. लहानपणी ज्या क्लबात पहिला हातमोजा घातला, त्याच क्लबात त्याने चाळिशी ओलांडली होती. गुडघे इतके गेले होते की ऑफिसात खाली पडलेली पेन्सिल तो मला उचलायला सांगायचा.

त्याला एकच हिवाळा अजून खेळायचा होता. पण टीममध्ये त्याच्यासकट आठच जण उरले होते. रिसेशनमध्ये कुणी कामासाठी क्वीन्सलँडला गेला, कुणाला वीकेंडच्या शिफ्ट लागल्या. नऊ भरले नाहीत तर कमिटी त्यांची टीम शेजारच्या क्वेकर्स हिलच्या क्लबात घालणार होती. म्हणजे सगळा जन्म निळ्या शर्टात काढून शेवटच्या वर्षी त्याला लाल शर्ट चढवावा लागणार. त्यापेक्षा घरी बसेन, असं तो म्हणाला, आणि त्याच दमात मला विचारलं, तू क्रिकेट खेळायचास ना?

हा प्रश्न आपल्या माणसाला विचारायचा नसतो. मी कॉलेजच्या टीममध्ये कव्हरला उभा राहायचो. इकडे चेंडू, तिकडेही चेंडू, त्यात काय एवढं, असं म्हणून मी नववा झालो.

पहिल्याच मॅचमध्ये माझ्या बॅटला चेंडू लागला आणि बरा लांब गेला. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकायची, पळायचं आणि बेसला, म्हणजे जमिनीवरच्या चौकोनी गादीला, पाय लावायचा. मला हे सगळं समजावून सांगितलं होतं. पण सवय कॉलेजपेक्षाही जुनी. मी बॅट घेऊन पळालो, बेसच्या अलीकडे वाकलो, हात लांब करून बॅट बेसवर टेकवली आणि तिथेच ऐटीत उभा राहिलो. बेसपाशी उभ्या त्यांच्या फील्डरने लांबून आलेली फेक झेलली, सावकाश बेसवर पाय ठेवला आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. आउट. बॅट आत होती म्हणून मी अंपायरशी वाद घातला. तो बिचारा ऐकत राहिला, पण आत म्हणजे कशाच्या आत हे त्याला शेवटपर्यंत समजलं नाही. दोन्ही टीम गवतावर लोळत होत्या.

आमचा कॅचर एवढंच म्हणाला, "नो वरीज, मेट. पुढच्या वेळी पायही घेऊन ये."

माझ्या फेकीला मात्र कुणी हसलं नाही. लांबून चेंडू थेट हातमोज्यात. ते क्वेकर्स हिलच्या कोचने पाहिलं. त्यांच्याशी मॅच झाली तेव्हा त्याने मला सॉसेज भाजायच्या शेगडीपाशी बाजूला घेतलं. आमच्याकडे ये म्हणाला. नवं ग्राउंड, दिवे, कपडे बदलायला खोली, गरम पाणी. शिवाय माझं घर क्वेकर्स हिललाच, ग्राउंडपासून चालत जाण्याइतकं. बायको म्हणाली, जा की, शनिवारी गाडी तरी मला मिळेल.

रविवारी गावी फोन केला तेव्हा अण्णांना सहज विचारलं, तुम्ही कारखाना कधी सोडला कसा नाही? निष्ठेवर एखादं भाषण ऐकायची माझी तयारी होती.

"सोडून जायचं कुठं? मला दुसरीकडनं कुणी बोलावलंच न्हाई," अण्णा म्हणाले. "बोलावलं असतं तर पळत गेलो असतो की."

झालं. वडिलांचाच कौल मिळाला. गुरुवारी प्रॅक्टिसनंतर सांगून टाकायचं ठरवून गेलो. मी तोंड उघडायच्या आत कॅचरने आपल्या जुडग्यातून एक किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. मैदानाच्या कडेला क्लबची पत्र्याची शेड होती. त्यात बॅटा, बेस, चेंडूंची बादली, चुना मारायची गाडी. त्याला लवकर निघायचं होतं. सामान आत टाक, कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याकडेच राहू दे, म्हणाला. मीच का, असं विचारलं.

"तू इंजिनीअर आहेस. कुलूप जमेल तुला."

किल्ली ज्याच्याकडे, त्याने शनिवारी सगळ्यांच्या आधी जायचं, शेड उघडायची, बेस मांडायचे, चुना मारायचा. लाल शर्ट घालून दुसऱ्या मैदानावर गेलो तर ही शेड उघडणार कोण? मी किल्ली द्यायला माणूस शोधू लागलो. एक कामावरून थेट यायचा, एक स्वतःच्या गाडीची किल्लीही हरवायचा. दरम्यान क्लब बदलायची मुदत संपली.

बायको म्हणाली, "अहो, तीन कंपन्या सोडताना काही वाटलं नाही, आणि पत्र्याच्या शेडपाशी अडलात?"

शेवटची मॅच आम्ही सपाटून हरलो, पण नऊच्या नऊ हजर होते, आणि आमचा कॅचर निळ्या शर्टातच हरला. नंतर तो शेडमध्ये बसून पायांची पॅडं सोडत होता. मोठा त्याग केल्याच्या सुरात मी त्याला क्वेकर्स हिलच्या कोचची गोष्ट सांगितली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "तरुणपणी मलाही बोलावलं होतं त्यांनी. त्याच आठवड्यात आमच्या सेक्रेटरीने मला किल्ली दिली."

पुढच्या वर्षी टीम क्वेकर्स हिलमध्ये गेलीच. मला परत विचारलं, मी नाही म्हटलं. मग कंपनी बदलली, टेबल आणखी मोठं झालं. पण बेसबॉलची अख्खी कारकीर्द मी एकाच क्लबात काढली. ती एका हिवाळ्याची होती, ही गोष्ट वेगळी. हेही मी आता पहिल्याच भेटीत सांगतो, डिग्रीच्या पाठोपाठ.