आधी पाणी, मग प्रश्न

आमच्या सेंटरवर पगार साचत नाही, किस्से मात्र ढिगाने साचतात! गोडादऱ्यात एम्ब्रॉयडरीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची एकच खोली. घरात मार खाणाऱ्या बायका येतात, आम्ही ऐकून घेतो, पोलिसात, कोर्टात सोबत जातो. आम्ही म्हणजे मी आणि सुनंदाताई. ताई धुळ्याकडच्या. त्यांची पद्धत ठरलेली: रडत आलेल्या बाईला आधी पाणी, मग प्रश्न, आणि निघताना "मंगळवारी परत ये."

*

खाली मशीनची खडखड इतकी, की दुःखसुद्धा ओरडून सांगावं लागतं. एकदा नेमकी लाइट गेली. मशीन गप्प, आणि आमच्या बाईचा आवाज सगळ्या बिल्डिंगीत घुमला, "रोज मारतो तो मला!" खालून कारागीर ओरडला, "कौन है? नाम बताओ!" आणि चौघं जिना चढून वर हजर. गोपनीयतेचं तिथेच वाटोळं झालं.

*

ग्रँट अडकली की पगार अडकतो. मग ताई साड्यांचं धागा कटिंग आणायला लागल्या. साडीमागचे लोंबते धागे कापायचे, नगावर पैसे. मीही बसले. एक दिवस हेड ऑफिसच्या मॅडम न सांगता टपकल्या. "हे काय चाललंय?" कैची न थांबवता ताई म्हणाल्या, "स्किल ट्रेनिंग, मॅडम!" मॅडम खूश! फोटो काढून रिपोर्टमध्ये टाकला. पगार काही टाकला नाही.

*

उलट ऑनलाइन आलं ते स्टाफसाठी ताणमुक्ती शिबिर. "खोल श्वास घ्या," मॅडम म्हणाल्या. ताईंनी घेतला. "मॅडम, घरमालक भाड्यात श्वास घेईल का हो?" मॅडमचं नेटवर्क लगेच गेलं.

*

एका नवऱ्याने दारातच तमाशा मांडला. "लोकांची घरं मोडायचा पगार खाता!" ताईंना असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. तो बिचारा भांबावला. आमचा पगारच होत नाही हे कळल्यावर हळूच म्हणाला, "आमच्या लूमखात्यात पंधरा दिवसाला पगार होतो. शेठला तुमच्यासाठी विचारू का?"

*

हसत होतो, पण मला धास्ती होती. ताईंच्या घरी ठरलं होतं, या महिन्यात पगार नाही झाला तर सेंटर सोडायचं आणि घरी बसून धागेच कापायचे. त्या गेल्या तर मी एकटी काय कपाळ करणार होते!

पगार नाहीच झाला. ताई पिशवी भरून डोळे पुसत बसल्या होत्या, तेवढ्यात डिंडोलीची रंजना आली. मारकुट्या नवऱ्याचं घर सोडायला तिला ताईंनीच बळ दिलं होतं. तिने ताईंकडे पाहिलं, माठातून ग्लास भरला आणि समोर बसली.

"आधी पाणी प्या. हां. कधीपासून चाललंय हे?"

"झाले की चार महिने."

"कोणाला सांगितलं?"

"सांगितलं गं. म्हणतात, पुढच्या महिन्यात नक्की."

"मागंबी असंच म्हणले होते?"

"हो."

"मग आधीच सोडलं का नाही?"

ताईंनी ग्लास खाली ठेवला. "अगं, माणसं वाईट नाहीत. सुधारतील."

"बरं," रंजना उठली. "मंगळवारी परत या."

मंगळवारी मी पोचले तर कुलूप आधीच उघडलेलं. आत ताई, पुढ्यात साड्यांचा ढीग. दुसरी कैची माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "बस गं. स्किल ट्रेनिंग घे!"