गोमतीबाईची बसायची जागा

गोमतीबाईचा तोरा कुणाला बघायचा असेल त्यानं कुंभकोणमच्या मोठ्या बाजारात यावं. स्टेशनकडून आलं की उजव्या हाताला भांड्यांची जुनी दुकानं लागतात, तिथं. पितळेच्या भांड्यांवर छिन्नीनं नावं घालायचं हिचं काम. वडिलांनी शिकवलं, आणि ते गेल्यावर एका दुकानाबाहेरच्या त्यांच्याच ओट्यावर ही बसली. बाईमाणसानं बाजारात बसावं का, यावर तेव्हा बरीच तोंडं वाजली. वाजून वाजून थकली. त्याला आता एकतीस वर्षं झाली.

यंदा ते दुकान सतीशकुमारनं विकत घेतलं. काचेचं दार आलं, एसी आला, नावं घालायचं मशीन आलं. मग तो म्हणाला, "अम्मा, उद्यापासून दुकानाबाहेर कुणी बसायचं नाही. शोभा जाते."

ती "बरं" म्हणाली. गोमतीबाई "बरं" म्हणाली की शहाण्यानं सावध व्हावं, पण सतीशकुमार बाजारात नवा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं काचेचं दार ढकललं आणि थेट एसीखाली चटई अंथरली. बाजारात ती तमिळ बोलते, पण रागात, कित्येक पिढ्यांमागं इकडे आलेल्या घरची जुनी मराठीच तोंडात येते. "बसतें मी. पाहूं कोण उठवतो तें," ती पुटपुटली. ही जागा गेली तर या वयात दुसरी कोण देणार? पण ही धास्ती चेहऱ्यावर दाखवील तर ती गोमती कसली!

सतीशकुमारनं हात जोडले, आवाज चढवला, पोलिसांचं नाव काढलं.

"बाहेर नको म्हणालास. आत बसले," ती म्हणाली.

तेवढ्यात पापनाशम्‌हून शिवकामी नावाची बाई आली, नवऱ्याच्या भाचीच्या लग्नाचा हंडा घ्यायला. मामाकडचा आहेर, नाव घातल्याशिवाय भांडं दुकानाबाहेर न्यायचं नाही, ही त्यांची रीत. ताटं-वाट्यांवर ऐट मारणाऱ्या मशीननं हंड्यापुढे हात टेकले. एवढं मोठं पोट त्यात मावेचना. शिवकामीनं हंडा उचलला आणि गोमतीबाईपुढे ठेवला. ठक्‌ठक् सुरू झाली. आवाज ऐकून रस्त्यावरची गिऱ्हाइकंही आत शिरली. दुपारपर्यंत आणखी चार हंडे खपले.

संध्याकाळी सतीशकुमार तिच्यासमोर उकिडवा बसला. "अम्मा, उद्यापासून ओट्यावरच बसा. पूर्वीसारखं. मी काही म्हणणार नाही."

गोमतीबाईनं छिन्नी पदराला पुसली.

"बाहेर ऊन फार," ती म्हणाली. "मी इथंच बरी आहे."