पर्जन्यमापकावरचा फलक

डोंगराखालच्या आमच्या वाडीनं पावसाळ्यात घरं कधी सोडायची, हे शाळेच्या अंगणातल्या पर्जन्यमापकावरून ठरतं. रोज सकाळी साडेआठला शाळेच्या शिपाईकाकी त्यातलं पाणी मापतात, आकडा तालुक्याला कळवतात आणि फळ्यावर लिहितात.

त्या दिवशी पहाटेपासून पाऊस कोसळत होता आणि फळ्यावरचा आकडा मात्र किरकोळ. मी भडकले. वाडीच्या सुरक्षिततेसाठी आमचं आंदोलन चालू होतं, त्यामुळे पत्रकं लिहायला माझा हात बसलेलाच. ‘पाऊस कोणी दडवला?’ असं लिहून पहिली प्रत काकींच्याच हातात दिली.

त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली. “अक्षर छान आहे गो तुझं. आता जरा वर बघ.”

मापकाच्या बरोबर वर आमच्या आंदोलनाचा कापडी फलक ताणलेला होता. आदल्या संध्याकाळी मीच बांधलेला.

“पाऊस तुझ्या फलकानं दडवलान,” काकी म्हणाल्या. “मी तालुक्याला सांगितलंय, आजचा आकडा धरू नका, वाडी हलवा. पत्रकं ठेव नि म्हाताऱ्यांना आणायला चल.”

दुपारपर्यंत वाडी शाळेत आली. संध्याकाळी वरच्या दोन घरांवर दरड आली. घरं रिकामी होती.

काकींच्या वहीत शेरा एवढाच: ‘वर कापड होते.’ कोणाचं, ते नाही.

अख्ख्या वाडीचा जीव एका मापकावर आणि एका बाईवर का सोडलाय, म्हणून मी अजून भांडते. पण ती बाई आमच्या वाट्याला आली, हे प्रत्येक पत्रकात आधी लिहिते.