डोळे झाकायची खूण

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. प्रकाशशास्त्रात पीएच.डी. केली, शिरूरच्या कॉलेजात तीस वर्षं भिंगं आणि आरसे शिकवले, आणि आज सकाळी चष्मा कुठं ठेवला ते सांगता येत नाही. पण पुण्यातल्या त्या टेनिस स्पर्धेचे किस्से माळ्यावर रद्दी साठावी तसे साठलेत. क्रम चुकेल. राग चुकणार नाही.

निवृत्तीनंतर मी दौंडला आलो. रेल्वे कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टावर सकाळी आम्ही तिघं खेळायचो. मी, मांडवगण फराट्याचे बागायतदार फराटे आप्पा आणि रेल्वेत सिग्नल दुरुस्तीला असलेला शिवदास भालेराव. पुण्यात व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा भरायची, तिच्या पुरुष एकेरीला लाइन अंपायर कमी पडायचे. परीक्षा देऊन आम्ही तिघं लागलो. काम एवढंच, की आपल्या वाट्याची रेषा बघायची. चेंडू बाहेर पडला तर हात आडवा करून "आउट!" ओरडायचं. आत पडला तर तळहात जमिनीकडं.

भालेरावला मात्र उंच खुर्चीत बसायचं होतं. तिथून सामना चालवणाऱ्या चेअर अंपायरच्या शिबिराला दरवर्षी लाइन अंपायरांमधला एक जण निवडला जाई. तो म्हणायचा, "सर, आमच्या घरात येवढ्या उंच खुर्चीत कुणी बसलं न्हाई अजून."

* * *

आप्पांचा पहिलाच सामना. एक सहा फुटी खेळाडू त्यांच्या तोंडाशी येऊन किंचाळला, "आर यू ब्लाइंड?" वडिलांच्या वयाच्या माणसाला! माझं रक्त उसळलं. आप्पा गुडघ्यावर हात ठेवून तसेच उभे.

सामना संपल्यावर आम्हा लाइन अंपायरांचे चीफ साहेब आले. पुण्याचे, कडक इस्त्रीचे. "त्यानं शिवी दिली का? दिली असेल तर दंड करता येईल."

आप्पा म्हणाले, "न्हाई ओ साहेब. डोळ्यांची इचारपूस करत हुता. मी म्हणलं, मोतीबिंदूचं आपरेशन झालंय, आता झ्याक दिसतं!"

* * *

दुसऱ्या वर्षी आमच्या जेवणाच्या तंबूत प्रायोजकांचे पाहुणे बसवले. चार तास उन्हात वाकून आलेल्या माणसांना सांगितलं, जनरेटरशेजारी उभं राहून जेवा. मी मनातल्या मनात तीन पानी निषेधपत्र लिहिलं. कागदावर आजतागायत उतरलेलं नाही.

आप्पा ताट घेऊन सरळ आत गेले. एका बाईंना म्हणाले, "बसा बसा, संकोच नका करू. आपलंच हाय सगळं." वेटरनं त्यांना मालक समजून दोनदा आइस्क्रीम दिलं!

मी भालेरावला म्हणालो, "अहो, तुम्हीही जा की आत."

"आप्पा बसलं तर पाव्हणं समजत्यात, सर. मी बसलो तर इचारत्यात, कुणाच्या परवानगीनं?"

तो जनरेटरशेजारीच जेवला. मीही. आवाजात बोलता येत नव्हतं, हे बरंच झालं.

* * *

आप्पा जीपनं यायचे, शिक्रापूरच्या ट्रकांमध्ये अडकायचे आणि उशीर झाला म्हणून शिव्या खायचे. आम्ही दोघं डेमूनं, म्हणजे दौंड-पुणे पॅसेंजरनं. परतीची डेमू चुकेल या धास्तीनं मला काही सुचत नसे. भालेराव हसायचा. "सर, गाडी माझ्याच सिग्नलवरनं जाती. तुम्ही कशाला घाबरता?"

* * *

एकदा खेळाडू नेमका भालेरावच्या आणि चेंडूच्या मध्ये आला. भालेरावनं दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले. नियमपुस्तकातली खूण आहे ती. मला दिसलं नाही, असा तिचा अर्थ. वर्षानुवर्षं ती कुणी करत नसे, कारण करणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावणं येत नसे.

चीफ साहेब खेकसले, "बघायलाच बोलावलंय ना तुम्हाला?"

मीही समजावलं, "अहो, अंदाजानं सांगून टाकायचं."

"सिग्नलला अंदाज चालत न्हाई, सर. न्हाई दिसलं तर न्हाई दिसलं. गाडी थांबवायची."

* * *

आता रेषांवर माणसं नाहीत. कॅमेरे बघतात, यंत्र "आउट" म्हणतं. आप्पा म्हणाले, "ब्येस झालं. मशीनला ऊन लागत न्हाई, आन् जेवायलाबी लागत न्हाई."

भालेरावनं एवढंच विचारलं, "त्याला डोळं झाकायची खूण येती का?"

* * *

आता शेवटचा. हा मी कुणाला सांगितलेला नाही.

बाजूच्या कोर्टावर एकेरीचा सामना, तिसरा सेट, संध्याकाळ होत आलेली. निर्णय तपासणारे कॅमेरे फक्त मुख्य कोर्टावर. भालेराव बाजूच्या रेषेवर, मी मागच्या रेषेवर. चेंडू आमच्या दोघांच्या रेषा मिळतात त्या कोपऱ्यात पडला. मी तळहात जमिनीकडं केले. भालेराव ओरडला, "आउट!" खेळाडूनं रॅकेट आपटली, अर्वाच्य बोलला. माझी खूण बघून खुर्चीतल्या अंपायरनं भालेरावचा निर्णय फिरवला.

सामन्यानंतर चीफ साहेबांनी दोघांना उभं केलं. शिबिराची यादी त्यांच्या हातातच होती. भालेराव म्हणाला, "चार बोटं बाहेर हुता, साहेब." साहेबांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "आत होता."

त्यांनी यादीतल्या भालेरावच्या नावावर काट मारली. एका माणसाच्या शब्दावर! त्या माणसाला कुणी एक प्रश्न जास्तीचा विचारला नाही.

डेमू मिळाली. उरुळीपर्यंत भालेराव खिडकीतून सिग्नल बघत होता. मग म्हणाला, "सर, तुम्ही नीट बघितला व्हय?"

"हो."

"मग माझंच डोळं गेलं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे तपासून घेतले. दोन्ही चांगले निघाले. स्पर्धेला तो पुन्हा आला नाही. सकाळी खेळायला मात्र येत राहिला. अजून येतो. अजून मला सर म्हणतो.

चिडलेल्या खेळाडूंचे व्हिडिओ लोक इंटरनेटवर एकत्र करून टाकतात. मागच्या महिन्यात त्यात हा सामना सापडला, कुणा प्रेक्षकानं मोबाइलवर घेतलेला. चेंडू टप्पा घेतो तिथं मी तो थांबवला, मग पुढंमागं करून दहाबारा वेळा पाहिला. चेंडू रेषेच्या बाहेर आहे. चार बोटं. भालेराव वाकलेला, नजर रेषेवर. उजव्या कडेला मी आहे. मान खाली, डावी बाही वर सारलेली. मी घड्याळ बघतोय.