घडीबाईंची खोली

प्रसूतिगृहाच्या मागच्या अंगाला, कपडे धुवायच्या खोलीला लागून, घडीबाई बसायच्या. शिक्षणाने त्या समुपदेशक. बाळंतिणींना बोलतं करणं हे त्यांचं काम. पण टेबलावर कायम धुतलेल्या दुपट्यांचा ढीग, आणि आलेल्या बाईच्या हातात आधी दुपटं द्यायचं ही त्यांची पद्धत. घड्या घालता घालता बायका आपोआप मोकळ्या व्हायच्या.

गंमत म्हणजे तमाम सासवांनी त्यांना कपडेवाली ठरवून टाकलं होतं, आणि बाईंनी ते कधी खोडून काढलं नाही. सून मनाच्या डॉक्टरकडे निघाली असती तर लोकांनी घर डोक्यावर घेतलं असतं. घड्या घालायला कुणाची ना नव्हती.

मुलगी झाली आणि मी तिला उचलायलाच घाबरू लागले. हातातून पडेल, नाहीतर मीच टाकून देईन, असं सारखं वाटायचं. तपासणीच्या वेळी नर्सने माझा चेहरा पाहिला आणि मला बाईंकडे धाडलं. बाळाला घेऊन सासूबाई बाहेर बाकावर बसल्या.

"कोपरे जुळव," बाई म्हणाल्या. "आणि सांग, भीती कशाची वाटते?"

"माझ्याच हातांची," म्हटलं आणि ओक्साबोक्शी रडले.

"बरं झालं बोललीस. अगं, असं वाटणाऱ्या कितीतरी जणी इथे बसून गेल्यात. वाटलं म्हणजे तू तसं करशील असं नाही. पुढच्या आठवड्यात ये. हा मेला ढीग काही संपत नाही!"

मी जात राहिले. एकदा बाहेर बाळ रडलं, तशी मी हातातलं दुपटं घेऊनच धावले आणि सासूबाईंच्या मांडीवरून तिला उचलून त्यात गुंडाळलं. त्या साबणाचा वास कुठे आला की अजून जीव हळवा होतो.

मुलगी आता नोकरीला लागलीय. परवा घडीबाई निवृत्त झाल्याचं कळलं, तेव्हा सासूबाईंना म्हटलं, "आई, त्या कपडेवाल्या नव्हत्या बरं का."

"मला काय दुधखुळी समजतेस? घड्या घालून कुणी डोळे सुजवून येतं होय? कुणी विचारू नये म्हणून मीच सांगत सुटले होते, सून कपड्यांना मदत करते म्हणून."

त्या चष्मा पुसत राहिल्या.

"तुझा नवरा झाला तेव्हा मलाही त्याला उचलवत नव्हतं. कुणाला बोलले नाही. त्या बाकावर बसून खूपदा वाटायचं, आत यावं, एक दुपटं आपणही घ्यावं हातात."

"मग आला का नाहीत, आई?"

"बाळाला कोण धरणार होतं?"