दिवसाआड चाळीस चेंडू

नव्वदच्या दशकात मी शारजातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होते. पेशंट बहुतेक साइटवरची माणसं, दुखणी कंबर-गुडघ्यांची. त्यांत एक मेक्सिकन आला. इथल्या एका शाळेत तो खेळाचा शिक्षक होता. त्याआधी नऊ वर्षं तो आपल्या देशात व्यावसायिक बेसबॉल खेळला होता, पिचर म्हणून. पिचर म्हणजे त्यांचा गोलंदाज. फरक इतकाच, की चेंडूचा टप्पा पडत नाही आणि कोपर वाकवून सरळ फेकायला मुभा असते.

सोळाव्या वर्षी तो साखर कारखान्याच्या टीमकडून खेळायला लागला. पुढे लीगमध्ये गेला. वीस-वीस तास बसचा प्रवास, उतरलं की सामना. शेवटी खांदा गेला, ऑपरेशन झालं आणि टीमने त्याला सोडलं. आता त्याच टीमचा फॅक्स आला होता: ऑक्टोबरमध्ये चाचणीला ये, येताना खांदा बरा असल्याचं सर्टिफिकेट आण. ते सर्टिफिकेट मी द्यायचं होतं.

मी त्याला कार्यक्रम आखून दिला. दिवसाआड चाळीस चेंडू, क्लिनिकमागच्या भिंतीवर, माझ्यासमोर. एक्केचाळिसावा मागितला की मी चेंडू खिशात टाकायचे. तो मला डॉक्टर म्हणायचा, मी नाही म्हणून सांगितलं तरी. सप्टेंबरपर्यंत खांदा छान चालायला लागला.

एका गुरुवारी नवरा मला न्यायला आला आणि त्याने ती फेक बघितली. आमच्या रत्नागिरीकडच्या पोरांची टीम दर शुक्रवारी सकाळी रेतीच्या मैदानावर टेनिस बॉल क्रिकेट खेळायची. नवरा कॅप्टन.

"याला उद्या आणायचा," तो म्हणाला.

"त्याची बॉलिंग बंद आहे."

"बॉलिंग कोण देतंय त्याला? फेकी आहे तो. बाउंड्रीवर उभा करतो. तिथे झोपला तरी चालेल."

मेक्सिकन माझ्याकडे बघत होता. मी इंग्रजीत म्हटलं, "फिल्डिंग चालेल. चेंडू हलका असतो."

हे मी म्हटलं. क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला गोलंदाजाचे चेंडू मोजायला कळतं, फिल्डरचे कोणी मोजत नाही. हलका चेंडू जोरात फेकताना हाताला जास्त झटका बसतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरीही म्हटलं.

शुक्रवारी त्याने सीमेवरून पहिला चेंडू थेट यष्टीरक्षकाच्या हातात दिला, वाटेत टप्पा नाही. पोरं वेडी झाली. विकेट पडली की मधल्या वेळातही त्याच्याकडे चेंडू मारायचे. "हबीबी, यल्ला, परत एकदा!" तो हसत फेकायचा. टीमने सोडल्यापासून दोन वर्षांत त्याला कोणी टाळी दिली नव्हती. मी पंचवीसपर्यंत मोजले, मग पोह्यांचा डबा उघडला.

"वैनी, याला सोडू नका हां, व्हिसा आम्ही काढतो!" एकजण ओरडला.

शेवटच्या चेंडूवर समोरच्यांना तीन धावा हव्या होत्या. त्याने लाँग-ऑनवरून फेकलेला चेंडू सरळ स्टंपवर लागला. सामना आमचा. सगळे त्याच्याकडे धावले. तो डाव्या हाताने टाळ्या देत होता. उजवा लोंबत होता. मी डबा तसाच टाकून उठले.

तपासणीत सगळं दिसलं. ऑपरेशन केलेला भाग पुन्हा फाटला होता. रविवारी तो क्लिनिकमध्ये समोर बसला.

"डॉक्टर, नुसतं फिट लिही. बाकीचं मी तिथे बघतो."

"तिथे पहिल्या दहा चेंडूंत हात कायमचा जाईल."

"हात माझा आहे."

"सही माझी आहे. मी नाही करणार."

मी त्याला तेव्हाच सांगितलं, की फिल्डिंगला हो म्हणणं ही माझी चूक होती. तो म्हणाला, चेंडू त्यानेच फेकले होते. नऊ वर्षं पिचर असलेल्या माणसाला ते कळायला हवं होतं. मी वाद घातला नाही, पण मला ते पटलंही नाही.

त्याने रिसेप्शनवरून मेक्सिकोला फोन लावला. स्पॅनिशमध्ये तीन-चार वाक्यं बोलला आणि ठेवला. मग आत येऊन विचारलं, शाळेत फळ्यावर लिहिण्याइतका हात वर जायला किती दिवस लागतील.

"सहा आठवडे. रोज यावं लागेल."

तो रोज आला.