चालता बोर्ड बिघडवणारी आम्रपाली

...आणि ती वायर काढायचा अवकाश, आठवडाभर गुणी बाळासारखा चाललेला बोर्ड माहितीची पाकिटं भराभरा गाळायला लागला! आम्रपालीनं डोक्याला हात लावला. शेजारची निकिता म्हणाली, "यार, चालत्या गाडीची हवा काढलीस ना तू!"

काल एवढ्यावरच राहिलं होतं, नाही का? तर आमची विश्रांतवाडीची आम्रपाली इंटरनेटच्या डब्यात बसणारी चिप बनवते. चिप कारखान्यात घडवण्याआधी तिचा सगळा कारभार एका मोठ्या बोर्डावर चालवून बघतात. एकदा घडली की दुरुस्ती नाही; फेकायचीच. चिपचा नकाशा शुक्रवारी कारखान्याकडे निघणार होता, आणि हिचं मन खात होतं.

चिपच्या आत ठेका देणारं एक घड्याळ, केबलच्या तोंडाशी दुसरं. स्लॅब टाकताना घमेली हातोहात जातात, तशी पाकिटं इकडून तिकडे जायची. दोघांचा ठेका जुळला तर घमेलं पडत नाही. बोर्डावर सोय म्हणून एका वायरनं दोन्हींना एकच ठेका दिलेला, मग चूक दिसणार कुठून? लोकांच्या घरी ही घड्याळं वेगवेगळीच चालणार. हिनं ती वायर काढून केबलला वेगळं घड्याळ जोडलं, आणि चूक उघडी पडली.

चालत्या वस्तूत हात घालायची खोड तशी जुनीच. लहानपणी जयंतीच्या आदल्या दिवशी विहारातला चालता माइक हिनं उघडून ठेवला होता. आईनं, ललितानं, पाठीत धपाटा घातला. आतली सुटायला आलेली तार दिसली, पण धपाटा काही कुणी परत घेतला नाही!

इथंही तेच. दुरुस्तीला दोन आठवडे मागितले, तर तिचे वरिष्ठ पुष्करसाहेब भडकले.

"अहो, बोर्ड चालत होता. आपणच बिघडवलात!"

"सर, बोर्ड नाही, डिझाइन बिघडलंय. आत्ता कळलं, एवढंच."

"मॅडम, ग्राहक उद्या बघायला येतायत. जुनी वायर जोडा, चालवून दाखवा, आणि 'तयार आहे' म्हणा. बाकीचं पुढच्या चिपमध्ये बघू."

आम्रपालीचे कान तापले. वायर हातातच होती. ती टेबलावर ठेवून आम्रपाली म्हणाली,

"जोडा ना, सर, आपल्याच हातानं. आणि 'तयार आहे' तेही आपणच म्हणा. फक्त लोकांच्या घरोघरी हा ठेका धरायला कोण जाऊन बसणार, ते उद्या ग्राहकांसमोरच ठरवू."